तुम्ही शंभर टक्के माणूस आहात का?

प्रश्न चेष्टेचा नाही. २००८ साली 'सोसायटी अँड अ‍ॅनिमल्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या एका पेपरच्या प्रश्नावलीत तो जवळपास याच शब्दांत विचारलेला आहे. तुम्ही स्वतःला शंभर टक्क्यांपेक्षा कमी माणूस समजता का? हो किंवा नाही. त्याला जोडून दुसरा प्रश्न: शून्य टक्के माणूस होता येत असेल, तर व्हाल का? हो किंवा नाही.

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धतीच्या तासाला प्रत्येकाने आपल्या विषयाबाहेरचा एक पेपर निवडून वर्गासमोर मांडायचा होता. माझा विषय ठाणे-पालघर पट्ट्यातली माणसं आणि बिबटे, त्यामुळे प्रश्नावल्यांशी रोजचीच झटापट. म्हणून मी हा पेपर उचलला. पहिल्या स्लाइडवर मोठं कोल्ह्याचं डोकं घातलेल्या माणसाचं चित्र होतं. वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत. हसणं ओसरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "यातल्या कुणाला तू भेटली आहेस?"

नव्हते भेटले. (खरं सांगायचं तर बिबट्यालाही मी अजून धड भेटलेले नाही, त्याचे ठसे आणि कॅमेरा ट्रॅपमधले फोटोच पाहिलेत. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.)

तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट-सेटच्या तयारीत आहेत त्यांनी 'सॅम्पलिंग'चे प्रकार पाठ केलेलेच असतील. पाठ असणं आणि एखादा पेपर वाचताना ते डोक्यात वाजणं, यात बरंच अंतर आहे. ते कसं कापायचं, यासाठी हा पेपर मला फार उपयोगी पडला. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी हे लोक कोण ते पाहू. पंचतंत्रातले करटक आणि दमनक आठवा. कोल्हे आहेत, पण राजकारण करतात, वाद घालतात, एकमेकांना उपदेश करतात. असे माणसासारखे वागणारे-बोलणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात, त्या चाहत्यांना जगभर 'फरी' म्हणतात. त्यातले बहुतेक जण स्वतःसाठी एक प्राणी-पात्र बनवतात, त्याला 'फरसोना' म्हणतात. कुणी त्याचं चित्र काढतं, कुणी त्याच्या कथा लिहितं, आणि थोडे जण त्याचा अंगभर पोशाख शिवून घेतात. तो 'फरसूट'. बाहेरच्या लोकांना फक्त हा फरसूट दिसतो, त्यामुळे फरी म्हणजे लोकराच्या पोशाखातली माणसं असा समज झाला आहे.

हे लोक वर्षातून एकदा-दोनदा मोठ्या संमेलनांत भेटतात. पहिलं मानलं जाणारं संमेलन जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे झालं, त्याला ६५ माणसं होती. 'अ‍ॅन्थ्रोकॉन' हे आज सगळ्यांत नावाजलेल्या संमेलनांपैकी एक. ते १९९७ मध्ये ऑल्बनीत सुरू झालं आणि २००६ पासून पिट्सबर्गमध्ये भरतं. आता हजारोंनी लोक येतात. गळ्यात बिल्ला, चित्रकारांचे स्टॉल, चर्चासत्रं, फरसूटवाल्यांची मिरवणूक. थोडक्यात, साहित्य संमेलन, ग्रंथदिंडीसकट. फक्त दिंडीत लांडगे.

एक गोष्ट मात्र आपल्या संमेलनात नसते. फरसूट म्हणजे फोम आणि जाड कृत्रिम फर. आत प्रचंड उकडतं, आणि डोळ्यांच्या जाळीतून दिसतं जेमतेम. म्हणून मोठ्या संमेलनांत एक वेगळी खोली असते, तिचं नावच 'हेडलेस लाउंज'. तिथे जाऊन डोकं काढायचं, पंख्यासमोर बसायचं, पाणी प्यायचं. तिथे फोटो काढायला सक्त मनाई. ही खोली लक्षात ठेवा.

आता डोंबिवली. मॅडमचा प्रश्न डोक्यात राहिला होता. माझ्या धाकट्या भावाचा एक मित्र कल्याणचा, त्याला मी लहानपणापासून ओळखते. माझं प्रेझेंटेशन कसं झालं हे घरी रंगवून सांगत होते, तेव्हा तो आमच्याकडेच बसला होता. बराच वेळ गप्प राहिला आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "ताई, तुम्हाला भेटायचंच असेल तर मी आहे की."

तो कोल्हा आहे. (प्राणी मी बदलला आहे. का, ते पुढे येईल.) डोकं त्याने स्वतः केलेलं, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेलं फरचं कापड आणि गादीचा फोम वापरून. परदेशात पूर्ण फरसूट करून घ्यायला दोन-तीन हजार डॉलर सहज लागतात. याच्याकडे डोकं, पंजे आणि शेपूट एवढंच. असा अर्धा पोशाखच बऱ्याच जणांकडे असतो. इथे जवळपास फक्त फरींचं मोठं संमेलन नाही, म्हणून तो मुंबईच्या कॉमिक कॉनला जातो. भारतात कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्ली हाटला सुरू झालं, मग मुंबईतही येऊ लागलं. तिथे कुणी स्पायडरमॅन, कुणी नारुतो. त्या गर्दीत एक कोल्हा खपून जातो. मी म्हटलं, मी येते सोबत.

शनिवारी सकाळी कल्याणहून गाडी. डोकं एका मोठ्या चेनच्या पिशवीत. साध्या डब्यात ती पिशवी घेऊन चढणं अशक्य, म्हणून तो नेहमी लगेजच्या डब्यातून जातो. डोंबिवलीला मी त्याच डब्यात चढले. भाजीच्या पाट्यांमध्ये एक टोपली रिकामी करून एका मावशींनी त्याला पिशवी ठेवायला जागा करून दिली. आत काय आहे हे त्यांनी विचारलं. त्याने "मुखवटा" म्हणून सांगितलं. "नाटकात असतोस होय," एवढं बोलून त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

डोकं घातल्यावर तो बोलत नाही. हा अनेक फरींचा रिवाज आहे, पात्र बोलत नसेल तर आपणही बोलायचं नाही. दिसत कमी असल्यामुळे सोबत एक माणूस लागतो, पायऱ्या आल्या की सांगणारा, मागून शेपूट ओढणाऱ्यांना थांबवणारा. त्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. चार तास मी एका कोल्ह्याचा पंजा धरून फिरले. लहान मुलं येऊन मिठ्या मारत होती. एका मुलाने आईला विचारलं, "हा खरा आहे का गं?" आई म्हणाली, "खराच आहे, पण आत माणूस आहे." मला वाटतं मूळ पेपरमधल्या पहिल्या प्रश्नाला यापेक्षा नेमकं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

तर तो पेपर. लेखिका कॅथलीन गर्बासी आणि त्यांचे सहकारी. त्यांनी एका फरी संमेलनात प्रश्नावली वाटली. २१७ फरींनी भरून दिली, संमेलनाला आलेल्या पण स्वतःला फरी न म्हणवणाऱ्या २९ जणांनी भरली, आणि तुलनेसाठी ६८ कॉलेज विद्यार्थ्यांकडून भरून घेतली. तुमचा प्राणी कोणता, याला बहुतेकांची उत्तरं ड्रॅगन, कुत्र्या-लांडग्यांच्या आणि मांजरांच्या कुळातली होती. माकड कुणीही म्हणालं नाही, आणि माणसाच्या सगळ्यांत जवळचा प्राणी कुणालाच व्हायचं नाही, ही मला तरी पेपरमधली सगळ्यांत रंजक नोंद वाटते. मग वर सांगितलेले दोन प्रश्न. दोन्हींना हो किंवा नाही, म्हणजे चार कप्पे. दोन्ही उत्तरं 'हो' असलेल्या कप्प्यात फरींपैकी एक चतुर्थांश पडले. लेखकांना या गटाचं त्या काळी 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निदानाशी काही बाबतीत साम्य दिसलं, आणि त्यांनी 'स्पीशीज आयडेंटिटी डिसऑर्डर' अशी एक नवी संकल्पना मांडली. पुढे जास्त अभ्यास व्हायला हवा, असंही लिहिलं.

कोर्सवर्कमध्ये मी इथेच थांबले होते. २१७ चा एक चतुर्थांश म्हणजे साधारण ५४ माणसं. सूत्र लावून काढलं तर ९५ टक्के विश्वासाची कक्षा साधारण १९ ते ३१ टक्के येते. फळ्यावर ते गणित मांडून मी खूश होते. मॅडमनी विचारलं, "ही कक्षा कशाची?"

विचार करा. ही कक्षा सांगते की याच पद्धतीने, याच लोकसमूहातून पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर आकडा कितपत हलेल. तो लोकसमूह कोणता, हे ती सांगत नाही.

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर सकाळी आठ वाजता उभे राहा आणि चढणाऱ्या तीनशे जणांना विचारा, कामासाठी रोज मुंबईला जाता का? जवळजवळ सगळे हो म्हणतील (थांबलेच तर). त्यावरून 'डोंबिवलीकर मुंबईला नोकरी करतात' असं लिहिलंत, तर एमआयडीसीत सायकलने जाणारे कामगार, फडके रोडवरचे दुकानदार, शिळफाट्यावरून बसने नवी मुंबईला जाणारे, घरून काम करणारे आणि गेली तीन वर्षं गाडीत पाऊल न टाकलेली माझी आजी, एवढे सगळे तुमच्या लेखी डोंबिवलीत राहत नाहीत. तीनशेऐवजी तीन हजारांना विचारलंत तर कक्षा मस्त अरुंद होईल. आजी तरीही नसेलच. नमुना मोठा केल्याने चुकीच्या जागी उभं राहणं दुरुस्त होत नाही. फक्त चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो.

संमेलन हा तसा पूल आहे. तिथे कोण पोचतं? ज्याच्याकडे प्रवासाचे आणि हॉटेलचे पैसे आहेत, ज्याला सुट्टी मिळते, ज्याला घरी सांगता येतं किंवा न सांगता जाता येतं, आणि ज्याला या गोष्टीचं वेड इतरांपेक्षा थोडं जास्त आहे. खोलीत बसून फक्त चित्रं काढणारी सोळा वर्षांची मुलगी फरी असेल, पण ती त्या २१७ मध्ये नाही. संमेलनाच्या आतही पुन्हा चाळण लागते. पंज्यात पेन धरता येत नाही, त्यामुळे फॉर्म भरतो तो पोशाख न घातलेला किंवा दमून बसलेला. तीनही दिवस फिरणारा माणूस तुमच्या टेबलाला एकदा तरी अडखळतो. एका दुपारी येऊन गेलेला सुटतो. स्टेशनवर पासवाले जास्त सापडतात, तसंच.

म्हणजे संमेलनातला सर्व्हे टाकाऊ का? मुळीच नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. कल कुठल्या बाजूला आहे हे माहीत असेल तर तोच कामाला लावता येतो. समजा प्रश्न असा आहे की फरींपैकी पूर्ण फरसूट किती जणांकडे असतो. संमेलनाला जास्त वेडे, जास्त खर्च करणारे लोक येतात, म्हणजे हा आकडा तिथे फुगलेलाच मिळणार. आणि तरीही संमेलनांतल्या पाहण्यांत पूर्ण पोशाखवाले अल्पसंख्यच निघतात. जिथे ते सगळ्यांत जास्त सापडायला हवेत तिथेही बहुमत नाही, मग बाहेर तर नाहीच. एकाच नमुन्यातून एक निष्कर्ष डळमळीत निघतो आणि दुसरा भक्कम. त्यामुळे 'लिमिटेशन्स' या मथळ्याखाली 'नमुना प्रातिनिधिक नाही' एवढं एक वाक्य टाकून सुटू नका. कुठल्या बाजूला झुकलेला आहे आणि त्याने कुठलं उत्तर बिघडतं, ते लिहा. व्हायव्हाला नेमकं तेच विचारतात.

तुलनेचा गटही बघा. फरी आणि कॉलेज विद्यार्थी यांच्यात फरक दिसला, तर तो फरी असण्यामुळे की संमेलनाला येणारा माणूस असण्यामुळे? हे सोडवायला ते २९ जण उपयोगी, कारण तेही त्याच छपराखाली होते. पण २९ मध्ये एका माणसाने उत्तर बदललं की साडेतीन टक्के हलतात.

हे सगळं मात्र 'कुणाला विचारलं' याबद्दल झालं. काय विचारलं, ही माझ्या मते मोठी भानगड आहे. 'शंभर टक्क्यांपेक्षा कमी माणूस' म्हणजे काय? शरीराने? मनाने? की 'मला माणसांपेक्षा कुत्री जास्त कळतात' असं आपण सहज म्हणतो, त्या अर्थाने? फॉर्मवर दोनच चौकोन आहेत.

हा प्रश्न मराठीत विचारून पाहा. आडनाव लांडगे, कोल्हे, वाघ, मोरे, घोरपडे. लग्नात देवक बसवतात, काही घरांचं देवक प्राण्या-पक्ष्याचं असतं. गेल्या काही वर्षांत वाघोबावर चांगलं संशोधन झालंय. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आहेत. वारली माणूस वाघाला देवही मानतो आणि त्याच्याशी नातंही सांगतो. आणि नृसिंह? हिरण्यकशिपूने मागून घेतलेला वर म्हणजे एक पक्की हो-नाही प्रश्नावली: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. सगळे कप्पे बंद केले असं त्याला वाटलं. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

नृसिंह मी पाहिलाय, मोखाड्याकडे, बोहाड्यात. जव्हार-मोखाडा २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, आता पालघरमध्ये. बोहाडा रात्री सुरू होतो. संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं, आधी गणपती, शारदा, मग रावण, वेताळ, नृसिंह, आणि पहाटेकडे देवी व महिषासुराचं युद्ध. फील्डवर्कसाठी त्या गावात होते म्हणून रात्रभर बसले. सकाळी ज्यांनी सोंग नाचवलं होतं त्या आजोबांशी चहा पिताना बोलणं निघालं. त्यांनी सांगितलं, मुखवटा चढला की तो देव असतो, तेव्हा त्याला नावाने हाक मारायची नाही. उतरला की भात लावायला जायचंच आहे. त्यांना मी फॉर्म दिला असता तर पहाटे तीन वाजता एक उत्तर आलं असतं आणि सकाळी सात वाजता दुसरं, आणि दोन्ही प्रामाणिक. बोहाडा आणि कॉमिक कॉन एकच आहे असं मी म्हणत नाही. एकीकडे श्रद्धा आहे, गावाचा मान आहे, दुसरीकडे छंद. पण 'तू आत्ता कोण आहेस' हे वेळेवर आणि जागेवर ठरतं, हे दोन्हीकडे दिसतं, आणि दोन चौकोनांत ते मावत नाही.

दुसऱ्याच्या प्रश्नावलीला नावं ठेवणं सोपं. माझी ऐका. माझ्या पहिल्या फॉर्मवर प्रश्न होता, 'तुमच्या परिसरात बिबट्या आहे का?' पाड्यांवर धडाधड 'नाही' येत गेलं. कॅमेऱ्यात तर बिबट्या रोज दिसत होता. आठवडाभराने एका मावशींनी फॉर्म भरून झाल्यावर सहज सांगितलं, काल वाघ कोंबड्या घेऊन गेला. त्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात. 'बिबट्या' हा माझ्या पुस्तकातला शब्द. अख्खा गठ्ठा फुकट गेला. पायलट स्टडी करा म्हणतात ते यासाठी.

आता त्या लेबलचं काय झालं? २०११ मध्ये त्याच पत्रिकेत फिओना प्रोबिन-रॅप्सी यांनी सविस्तर प्रतिवाद केला. ज्या निदानाच्या धर्तीवर ही संकल्पना उभी केली तेच निदान वादग्रस्त आहे, आणि 'माणूस असणं' ही जणू सगळ्यांना ठाऊक असलेली पक्की गोष्ट धरून चालली आहे, असा त्यांचा रोख होता. गर्बासी आणि सहकाऱ्यांनी त्याला त्याच पत्रिकेत उत्तरही दिलं. २०१३ मध्ये मानसिक विकारांच्या अमेरिकन नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' हे नावच काढून टाकलं गेलं. म्हणजे ज्या खांबाला टेकून शिडी लावली होती तो खांबच हलवला.

गर्बासींवर मी हे सगळं ढकलणार नाही. त्यांच्याआधी या लोकांबद्दल काय होतं? २००१ चा 'व्हॅनिटी फेअर'मधला एक चटपटीत लेख आणि २००३ मधला 'सीएसआय' मालिकेचा एक भाग. दोन्हींत फरी म्हणजे विचित्र लैंगिक प्रकार, एवढंच. आकडे गोळा करायला जाणाऱ्या पहिल्या काही लोकांत गर्बासी होत्या, आणि त्या तिथेच थांबल्या नाहीत. पुढे शॅरन रॉबर्ट्स, कोर्टनी प्लांट, स्टीफन रायसन यांच्यासोबत एक गट उभा राहिला. तो वर्षानुवर्षं संमेलनांत आणि ऑनलाइन पाहण्या करतो, आणि निष्कर्ष संमेलनात जाऊन त्याच लोकांसमोर मांडतो. आपल्याकडे किती थिसिसचे निष्कर्ष ज्या गावातून डेटा आणला त्या गावात परत वाचून दाखवले जातात? माझे अजून नाहीत.

आणि आता मी प्राणी का बदलला ते.

परतीच्या गाडीत कल्याणच्या मुलाने एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात एका कॉलेजची दोन मुलं आली होती, प्रोजेक्टसाठी फोटो हवेत म्हणून. नाव लिहिणार नाही, असं त्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. फोटो मात्र प्रोजेक्टसोबत सोशल मीडियावर टाकला, एक त्याचा डोकं घातलेला आणि एक बाहेर जिन्यात डोकं काढून पाणी पितानाचा, अर्धा चेहरा दिसणारा. चार दिवसांत तो त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. घरी काय झालं ते मी लिहीत नाही. दीड वर्ष डोकं माळ्यावर होतं.

पाश्चात्त्य पाहण्यांत असं वारंवार दिसतं की फरींमध्ये समलैंगिक, उभयलैंगिक आणि ट्रान्स लोकांचं प्रमाण सर्वसाधारण समाजापेक्षा बरंच जास्त आहे. म्हणजे काहींसाठी मुखवटा निघणं म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी उघड्या पडणं. हेडलेस लाउंजमध्ये फोटोला बंदी का असते, ते आता वेगळं सांगायला नको.

आपल्याला शिकवतात की नाव, पत्ता, फोन काढला की डेटा निनावी झाला. इथे तसं होत नाही. फरींच्या जगात माणसाला कागदावरच्या नावाने कुणी ओळखतच नाही. तिथे ओळख म्हणजे प्राणी, त्याचे रंग, कानावरचा ठिपका, पात्राचं नाव. खरं नाव झाकून तुम्ही 'जांभळ्या कानांचा अमुक' असं लिहिलंत, तर त्याच्या लोकांपुरता तुम्ही त्याचा आधार क्रमांकच छापलात. कुठली माहिती ओळख पटवते, हे फॉर्मवरच्या रकान्यांवरून ठरत नाही, त्या समूहावरून ठरतं. माझ्या पाड्यांवर 'नदीपलीकडचं शेवटचं घर' एवढं पुरेसं आहे.

त्या दिवशी माझ्या पिशवीत वही होती. चार तासांत भरपूर सुचलं होतं, कोण कुणाशी कसं वागतं, मुलं घाबरतात की जवळ येतात, पोशाखातला माणूस 'नाही' कसं म्हणतो. गाडीत बसल्या बसल्या एका पेपरचा आराखडा तयार झाला असता. पण मी तिथे ताई म्हणून गेले होते. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी नव्हती, संमतीपत्र नव्हतं, ज्यांनी मला मिठ्या मारल्या त्या मुलांच्या आईवडिलांना माहीत नव्हतं की ही बाई नोंदी करते आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू होतात, आणि परवानगी आधी घ्यायची असते. डेटा जमवून झाल्यावर मागायची सोय नाही. 'सहज गेले होते, मग वाटलं पेपर करू' हे वाक्य कुठल्याही समितीसमोर टिकत नाही. त्यामुळे तुम्ही आत्ता जे वाचलंत ते एका दिवसाचं वर्णन आहे, निष्कर्ष काही नाहीत. वहीतली ती पानं मी टाइप केलेली नाहीत.

हे लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. त्याने दोन वाक्यं काढायला सांगितली, काढली. जिन्यातल्या फोटोचं राहू दे म्हणाला. प्राण्याबद्दल मात्र नाराज आहे. "ताई, बदलायचाच होता तर कोल्हा कशाला? निदान तरस तरी करायचं."